बारकी पोरं घेऊन एसटीनं नरसोबाच्या वाडीला मुक्कामी जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळांना सुट्ट्या लागल्या की शाळेच्या गेटवर, ऑफिसात, बिल्डिंगच्या जिन्यात सगळीकडं मला हेच विचारतात, की तुम्ही पोरांना घेऊन कोल्हापुरातनं एसटीनं वाडीला जाता, राहता पण, ते जमतं कसं. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच इथं लिहून ठेवते. आधीच एक सांगते, विचारणाऱ्या दहातल्या नऊ जणी बसचं विचारतात, उलट्या होतील का, जागा मिळंल का, पोरगं रडलं तर काय. बसचं काय नाय हो, दीड-दोन तासाचा प्रश्न असतो तो. खरी काळजी घ्यायची ती उतरल्यावर, कारण आपण नदीकाठी राहायला चाललोय आणि बारक्या पोरांना पाणी दिसलं की ती पळत सुटतात. म्हणून बसची उत्तरं पटापट दिलीत, खोलीची आणि घाटाची सावकाश वाचा.

स्वतःची गाडी सोडून एसटीनंच का जायचं?

गाडी असंल तर जावा की गाडीनं, कोण नको म्हणतंय. पण पौर्णिमेला नायतर रविवारी वाडीत पार्किंगला जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात मागच्या सीटवर पोरांची कुस्ती सुरू झालेली असते. एसटीत कसं, ड्रायव्हिंग दुसरा माणूस करतो, आपले दोन्ही हात आणि दोन्ही डोळे पोराकडं. शिवाय पोरांना लालपरीचं लई कौतुक असतं, घंटीची दोरी, कंडक्टरच्या गळ्यातली बॅग, मशीनमधनं टरर करत निघणारं तिकीट. माझ्या लेकीला ते तिकीट हातात पाहिजेच असतं, तिचं स्वतःचं वेगळं.

कोल्हापुरातनं कुठनं बसायचं आणि किती वेळ लागतो?

मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे आपला सीबीएस, रेल्वे स्टेशनच्या जवळचा. तिथनं वाडीच्या आणि कुरुंदवाडच्या गाड्या सुटतात. साधारण ५० किलोमीटरचा प्रवास आहे, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असं करत जाणाऱ्या गाड्या असतात, काही इचलकरंजीवरनं कुरुंदवाडला जातात. कुरुंदवाड म्हणजे वाडीच्या पलीकडं पंचगंगेचा पूल ओलांडला की लगेच, त्यामुळं कुरुंदवाडची गाडी मिळाली तरी काय बिघडत नाही, फक्त ती वाडीवरनं जाणार का इचलकरंजीवरनं हे चढायच्या आधी विचारायचं. बोर्ड बघून चढू नका, कंडक्टरला तोंडानं विचारा. वेळ दीड ते दोन तास धरा, वाटेत बाजाराचा दिवस असला की जास्त.

दुसरा रस्ता रेल्वेचा. कोल्हापूर-मिरज लाईनवर जयसिंगपूर स्टेशन आहे, तिथं उतरून पुढं एसटी किंवा वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप. ज्या पोरांना बस अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी हे बरं पडतं कारण रेल्वेत उठून फिरता येतं. पण बॅगा आणि पोरं घेऊन दोनदा चढउतार होते, आणि वडापमध्ये कसं कोंबून बसवतात ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं दोन वर्षांच्या आतलं लेकरू असंल तर मी तरी वडापमध्ये बसणार नाही.

तिकिटाचं काय? पोरांचं काढावं लागतं का?

एसटीत ५ वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट नाही, ५ ते १२ अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून सगळ्या एसटीत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट, म्हणजे ६५ च्या पुढचे आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन बारकी पोरं असं निघालं तर पूर्ण तिकीट फक्त बाबांचं. आधार कार्ड जवळ ठेवा, पोरांचं पण, कारण पाच-साडेपाच वर्षाचं उंच पोरगं असंल तर कंडक्टर विचारतोच आणि त्याचं काही चुकत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, आपल्या भागात कर्नाटकच्या पण बस फिरतात, लांबनं बघितलं तर घाईत कळत नाही. त्यात आपली महाराष्ट्राची सवलत चालत नाही. सुट्टे पैसे ठेवा, हल्ली फोनवरनं पण पैसे घेतात पण कडेवर पोरगं, हातात बॅग आणि त्यात रेंज गेलेली, असल्या वेळी दहा-वीसच्या नोटाच कामाला येतात.

कितीची गाडी पकडायची?

तुमच्या पोराच्या झोपेवर ठरवा. देवळातल्या वेळा, आरती, महाप्रसाद हे सगळं नंतर. जे पोरगं अकरा-साडेअकराला झोपतं त्याला साडेदहाच्या सुमाराची गाडी चांगली, हातकणंगल्यापर्यंत खिडकीतनं बघतं आणि पुढं मांडीवर झोपतं, वाडीत उतरताना ताजंतवानं. लोक काय करतात, पहाटे पाचला पोरांना उठवून पहिली गाडी धरतात, काकडआरती मिळंल म्हणून, आणि मग दिवसभर पोरगं किरकिर करतं आणि आई-बाप एकमेकांवर खेकसतात. तुम्ही मुक्कामाला चाललाय ना, मग कसली घाई, दुसऱ्या दिवशीची पहाट आहेच की.

सकाळी कॉलेज-शाळेच्या पोरांची गर्दी असते ती टाळा, संध्याकाळी पाच ते सात पण टाळा. आणि अंधार पडायच्या आत वाडीत पोचायचंच. नवीन जागा, नदीकाठ, अंधार आणि कंटाळलेलं पोरगं हे एकत्र आलं की कुणाचं तरी लक्ष चुकतं.

जागा कशी मिळवायची? कुठल्या सीटवर बसायचं?

ज्या स्टँडवरनं गाडी सुटते तिथनंच चढा, मधल्या स्टॉपवरनं चढलात तर उभं राहायची तयारी ठेवा. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरणारे असतातच, त्यांच्याशी भांडत बसू नका. कडेवर पोरगं बघून कोणतरी उठतंच, आपल्याकडं अजून तेवढी माणुसकी आहे. एकदा गर्दीत उभी होते तर कंडक्टरच म्हणाले, "ताई, बारक्याला हिकडं द्या, माझ्या सीटवर बसूदे," आणि शिरोळपर्यंत ते स्वतः उभं राहून तिकिटं फाडत होते.

सीट पुढच्या अर्ध्या भागातली, चाकाच्या वरची नको आणि शेवटची तर नकोच नको. मागच्या सीटवर गचके जास्त, उलट्या पण जास्त. पोरगं खिडकीकडं, आपण बाहेरच्या बाजूला, आणि खिडकीतनं हात बाहेर काढायचा नाही हे गाडी सुटायच्या आधी एकदा नीट सांगायचं. अगदी दाराजवळची पहिली सीट पण टाळा, स्टॉप आला की दार उघडतं, माणसं चढतात-उतरतात, तिथं चालायला शिकलेलं पोरगं सांभाळणं अवघड जातं.

पोरगं गाडीत उलट्या करतं, काय करू?

निघायच्या आधी दूध पाजू नका, हे पहिलं. घरातली मोठी माणसं म्हणतात पोट भरलेलं असूदे, पण भरल्या पोटी एसटीत बसलं की सगळं बाहेर. कोरडं काहीतरी थोडं द्या, चुरमुरे, खाकरा, भाकरीचा तुकडा. मोबाईल तर गाडीत काढूच नका, खाली मान घालून स्क्रीन बघितली की पाच मिनिटात मळमळ सुरू होते. लांबचं बघायला लावा, उसाच्या गाड्या मोज, चिमणी दिसली का साखर कारखान्याची, असं. जरा मोठ्या पोरांना आवळा सुपारी, आलेपाक चालतो, अगदी बारक्यांना नाही, घशात अडकतं. गोळी-औषध द्यायचं तर आपल्या पोरांच्या डॉक्टरना विचारूनच.

दोन-चार प्लास्टिक पिशव्या, ओला नॅपकिन आणि एक जादा ड्रेस हे सगळं वरच्या रॅकवर नाही, हाताशी ठेवायचं.

मधेच शू-शी आली तर?

निघताना स्टँडवर नेऊन आणायचंच, आली नाही म्हणालं तरी. जयसिंगपूरला गाडी थोडा वेळ थांबते तेव्हा परत एकदा. उतरताना कंडक्टरला सांगून उतरा, "पोराला घेऊन जाते, आलेच," म्हणजे गाडी तुम्हाला सोडून जात नाही. अगदीच अडलं तर लवकर सांगा, बारकं पोरगं आहे म्हटलं की रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतात, पण अगदी शेवटच्या क्षणी सांगितलं तर ड्रायव्हर तरी काय करणार.

बाळ अंगावर पितंय, गाडीत कसं जमवायचं?

खिडकीकडची सीट, मोठी ओढणी, शेजारी आपल्या घरातलं माणूस. एसटीच्या मोठ्या स्टँडांवर हिरकणी कक्ष असतात, दूध पाजायला वेगळी खोली, चौकशीच्या खिडकीवर विचारा आणि कुलूप असंल तर उघडून मागा, लाजायचं कारणच नाही, ती आपल्यासाठीच केलेली सोय आहे. तिथंच पाजून गाडीत चढलं की पुढचा प्रवास बाळ झोपून करतं.

बाबागाडी घ्यावी का?

नको. एसटीच्या पायऱ्या उंच, वाडीची गल्ली गर्दीची आणि देवळाकडं उतरायला पायऱ्याच पायऱ्या, बाबागाडी कुठंच चालत नाही. छातीला बांधायची ती कापडी पिशवी मिळते, ती घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. सामान एका पाठीवरच्या सॅकमध्ये बसंल एवढंच. दोन दिवसांसाठी पाच पिशव्या घेऊन निघालेली माणसं मी बघते आणि त्यातल्या कुठल्या पिशवीत दुधाची बाटली आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

वाडीत राहायचं कुठं?

पर्याय भरपूर आहेत. भक्तनिवास आहेत, धर्मशाळा आहेत, खाजगी लॉज आहेत, आणि जुनी पद्धत म्हणजे पुजाऱ्यांच्या घरी उतरायची. आमच्याकडं आजेसासऱ्यांपासून एकाच घरी उतरायची रीत आहे, तिथं जेवणाचं पण बघतात, पोरांना वरण-भात मऊ करून देतात, रात्री बाळाला दूध गरम करून पाहिजे म्हटलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी भक्तनिवास किंवा लॉज बघावं. फोन करून आधी खोली धरा, विशेषतः गुरुवार, शनिवार-रविवार, पौर्णिमा. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, आणि माघातल्या गुरुप्रतिपदेला बारक्या पोरांना घेऊन मुक्कामाला येऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. दर्शन पुढच्या आठवड्यात पण तेच आहे, पण त्या गर्दीत हातातला हात सुटला तर काय होईल ह्याचा विचार करा.

खोली घेताना काय बघायचं?

हे नीट वाचा. लोक फोनवर विचारतात एसी आहे का, टीव्ही आहे का, नदी दिसते का. नदी दिसणारी खोली सगळ्यांना पाहिजे असते, मला पण आवडते, पण पोरं पाच वर्षांच्या आतली असतील तर मी मुद्दाम आतल्या गल्लीतली खोली घेते. खोलीच्या दारातनं बाहेर पडलं की घाट दिसता कामा नये, मधे एखादं वळण, एखादं दार, चार दुकानं पाहिजेत. पहाटे आपण अंघोळीला गेलो आणि पोरगं उठून दार ढकलून बाहेर आलं तर ते कुठं पोचंल, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा आणि त्यावर खोली ठरवा.

दाराला आतनं वरची कडी पाहिजे, पोराचा हात पोचणार नाही अशी. खालचीच कडी असंल तर खोली बदलून मागा. गॅलरी असंल तर कठड्याच्या गजात किती अंतर आहे ते बघा, जुन्या इमारतीत गज लांब लांब असतात, पोराचं डोकं जातं त्यातनं, आणि गॅलरीत खुर्ची ठेवलेली असंल तर पहिल्यांदा ती आत घ्या. खिडकीला गज आहेत का तेही. शक्यतो तळमजला किंवा पहिला मजला घ्या, जिना अरुंद आणि उभा असतो.

मग बाकीचं. गरम पाणी किती वाजता येतं, बऱ्याच ठिकाणी सकाळी ठराविक वेळेतच मिळतं. बाथरूम खोलीला लागून आहे ना. जादा गादी मिळते का, म्हणजे पोरांना खालीच झोपवता येतं, कॉटवरनं पडायची भीती नाही. डास नदीकाठी असतातच, बाळासाठी छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी घरनं न्या. पाण्याची बादली रात्री भरून ठेवायची सवय असते सगळ्यांना, रांगणारं पोरगं असंल तर ती बादली रिकामी करा नायतर बाथरूमला बाहेरनं कडी घाला. बादलीभर पाण्यात पण लहान बाळ बुडतं, त्याला नदीच लागते असं नाही.

पोरांना घाटावर न्यायचं का? पाण्यात पाय घालू द्यायचे का?

न्यायचं, नक्की न्यायचं, वाडीला येऊन कृष्णा बघितली नाही तर आला कशाला. देऊळ नदीच्या काठावरच आहे, औदुंबराखाली दत्ताच्या पादुका, पुढं घाट आणि खाली कृष्णा, पंचगंगा येऊन मिळते तो संगम पण जवळच. नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले असं मानतात. संध्याकाळी घाटावर बसलं की पोरं पण शांत होतात, हे मी कायम बघते.

पण त्या पायऱ्यांची शेवटची ओळ बघा कधी जवळनं. पाण्याच्या वर असते ती पायरी कोरडी, राखाडी. त्याच्या खालची, जिच्यावर पाणी येतं-जातं, ती हिरवीगार असते, शेवाळाचा पातळ थर, वरनं फक्त ओली वाटते. मोठा माणूस पण तिथं टाच टेकवली की सरकतो. आणि त्याच्या खाली किती पायऱ्या आहेत, कुठं संपतात, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. पाणी वरनं संथ दिसतं पण दोन मोठ्या नद्या एकत्र येतात तिथं आतनं ओढ असते.

म्हणून आमच्या घरचा नियम असा, की पोरं ओल्या पायरीच्या दोन पायऱ्या वरच थांबणार. पाय धुवायचेत तर तांब्यात पाणी घेऊन वर धुवायचे, तीर्थ म्हणून डोक्याला लावायचं तर आपल्या ओंजळीतनं. एका पोरामागं एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नाही. "आम्ही सगळे आहोत की," असं जिथं दहा जण म्हणतात तिथं कोणच बघत नसतं. कुणाचं पोर कोण धरणार हे खोलीतनं निघतानाच नावानिशी ठरवायचं, फोटो काढणारा माणूस वेगळा.

आणि कृष्णेत मगरी आहेत. सांगलीकडच्या पट्ट्यात, भिलवडी, डिग्रजच्या बाजूला तर त्या नेहमी दिसतात, शिरोळ तालुक्यात पण दिसल्याच्या बातम्या येतात. घाबरवायला सांगत नाही, वाडीच्या घाटावर रोज शेकडो माणसं अंघोळ करतात. पण घाट सोडून बाजूच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या शेताच्या, काठाला, झाडीत, माणसं नसतात तिथं पोरांना घेऊन जायचं नाही, "जरा मोकळ्यावर बसूया" म्हणून सुद्धा नाही.

उन्हाळ्यात दुपारी दगड तापतात आणि चपला काढलेल्या असतात, पोरांना मोजे घाला. एवढंसं आहे पण कुणाच्या ध्यानात येत नाही.

नावेतनं फिरवू का?

लाईफ जॅकेट असंल, ते पोराच्या मापाचं असंल आणि नाव गच्च भरलेली नसंल तरच. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात ते वरनं निघून जातं, त्याचा उपयोग नाही. मापाचं नाही म्हणाले तर काठावरनं नाव बघायची, तेवढ्यानं पोरांचं काही अडत नाही.

पावसाळ्यात जाऊ का? दक्षिणद्वार बघायचंय.

दक्षिणद्वार सोहळा म्हणजे नदीचं पाणी वाढून देवळात शिरतं, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबनं लोक येतात. श्रद्धेची गोष्ट आहे, आमच्या सासूबाई पण जायच्या. पण बारक्या पोरांना तिथं नेऊ नका, हात जोडून सांगते. पाणी चढतं असतं, गर्दी असते, पायाखालचं दिसत नाही. मोठ्यांपैकी कुणी जाऊन यावं, पोरं घरी राहूदेत.

जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम ठरवलाच असंल तर निघायच्या आधी पंचगंगेची पातळी बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्या पोरांना पण पाठ असतं. आपल्याकडं पाणी ३९ कडं सरकायला लागलं किंवा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की वाडीचा बेत सरळ पुढं ढकलायचा. कारण हेच पाणी पुढं शिरोळकडं जातं, कृष्णेचं पण तिथंच येतं, रस्त्यावर पाणी आलं की एसटी बंद होते आणि मग आपण पोरं घेऊन तिकडंच अडकतो. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, हवा गार, घाट मोकळा. मार्च-एप्रिलमध्ये ऊन असलं तरी सकाळ-संध्याकाळ चालतंय.

दर्शनाच्या रांगेत पोरं थांबत नाहीत, मग?

मधल्या दिवसाला या, मंगळवार-बुधवार, रांग छोटी असते. गर्दी असंल तर दोघांनी आळीपाळीनं दर्शन घ्या, एकजण पोरांना घेऊन वरच थांबायचं. प्रत्येक पोराच्या खिशात नाव नको पण आपला मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि हरवलास तर पेढ्यांच्या दुकानात जाऊन उभा राहा एवढं शिकवून ठेवा. देवळाकडं जाणारी गल्ली सगळी पेढ्यांच्या दुकानांचीच आहे, ते पोराच्या ध्यानात राहतं.

खाण्याचं कसं?

वाडीत बारक्यांची आबाळ होत नाही. दुपारी देवस्थानचा महाप्रसाद असतो, साधं जेवण, पोरं खातात. पेढे, बासुंदी तर आहेच, थंडीत कवठाची बर्फी मिळते ती आंबटगोड, माझ्या पोरांची सगळ्यात आवडती. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर येताना किलोभर पिशवीत टाका. बासुंदी मात्र परतीच्या गाडीत बसायच्या आधी पोरांना देऊ नका, वर उलट्यांचं लिहिलंय ते आठवा. पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं, नदीचं तीर्थ म्हणून बाळाच्या तोंडात घालू नका, कपाळाला लावा. पावडरचं दूध पिणारं बाळ असंल तर डबा, बाटली, थर्मास घरनंच.

दोन दिवस पोरं कंटाळणार नाहीत का?

खिद्रापूरला न्या. कोपेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, आणि मोठ्यांपेक्षा पोरांनाच जास्त आवडतं. पुढं स्वर्गमंडप आहे, ४८ खांब आणि वर छताला मधोमध गोल मोकळं आभाळ, तिथं खाली गोल शिळेवर पोरांना झोपवा आणि वर बघायला सांगा, काही बोलायची गरजच पडत नाही. बाहेरनं खालच्या बाजूला ओळीनं दगडी हत्ती कोरलेत, प्रत्येक वेगळा, ते मोजत पोरं पूर्ण फेरी मारतात. आणि इथं महादेवापुढं नंदी नाही, तो कुठं गेला हे पोरांना शोधायला लावायचं, मग सांगायचं की तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. कुरुंदवाडवरनं एसटी आहे पण गाड्या मोजक्या, म्हणून जातानाच परतीची गाडी कितीला आहे ते विचारून घ्या, नायतर चार जणांत रिक्षा ठरवलेली परवडते. तिथं पण देवळामागं कृष्णाच आहे, घाटाचे नियम तेच.

कुरुंदवाडचा घाट पण बघण्यासारखा आहे, सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे तिथं. सहा-सात वर्षांच्या पोरांना संताजींची गोष्ट सांगत सांगत न्यायचं.

मुक्कामात पोरगं आजारी पडलं तर?

ताप, जुलाब ह्याची आपल्या डॉक्टरनी दिलेली औषधं आणि ओआरएसची पाकिटं बरोबर पाहिजेतच, डोस कागदावर लिहून. शिरोळ, जयसिंगपूर जवळ आहे, आणि सांगली-मिरज तर दवाखान्यांसाठीच प्रसिद्ध, तासाभराच्या आत पोचता येतं. अडीअडचणीला १०८ ला फोन. रात्री गाडी कोण देईल हे जिथं उतरलाय त्या घरमालकाला किंवा लॉजवाल्याला आल्या आल्या विचारून ठेवा, नंबर घेऊन ठेवा, रात्री दोन वाजता शोधाशोध नको.

पहिल्यांदाच नेतोय, पोरगं बसमध्ये कधी बसलंच नाही.

मग आधी के.एम.टी.नं, म्हणजे कोल्हापुरातल्या सिटी बसनं, गंगावेशीपर्यंत जाऊन या, तिथनं चालत पंचगंगा घाट. अर्ध्या दिवसात बस पण कळते, घाट पण कळतो, आणि आपलं पोरगं पाणी बघितल्यावर मागं सरतं का पुढं धावतं हे आपल्याला कळतं. पुढं धावणारं असंल तर वाडीला जाताना घरातलं एक माणूस जादा घ्या, आत्या, मामा, कोणपण, फक्त त्याच्यासाठी.

परतीची गाडी कधीची धरायची?

शेवटची धरायची नाही, कधीच नाही. शेवटच्या गाडीला गर्दी असते आणि ती चुकली किंवा आलीच नाही तर पोरं घेऊन अंधारात स्टँडवर बसावं लागतं. वाडीत उतरल्या उतरल्याच कोल्हापूरच्या गाड्यांच्या वेळा स्टँडवर विचारून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुपारी पोरांची जेवणं झाली, थोडं थांबलं की तीनच्या सुमाराला निघायचं. थेट गाडी भरलेली आली तर हट्ट नको, जयसिंगपूरची मिळंल ती धरा, तिथनं कोल्हापूरला गाड्यांना तोटा नाही, सांगली-मिरजेकडनं येणाऱ्या सारख्या असतात. आणि वाडीचे पेढे वरच्या रॅकवर ठेवू नका, उन्हानं मऊ होतात, मांडीवरच्या पिशवीत घ्या.